न उघडलेले कागदही आणा

सदाशिव पेठेतील एका कर व कर्ज सल्ला कार्यालयात गेल्या नोव्हेंबरपासून माझ्या तीन बैठका झाल्या. त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण ते चालवणाऱ्या दोघांनीही तशी अट घातली आहे. आहेत तेवढे अशीलच आपल्याला पुरून उरतात, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे हे परीक्षण वाचून कोणाला थेट तिथे जाता येणार नाही, हे मान्य आहे. परंतु असा सल्ला विकत घेताना काय पाहावे, त्यासाठी किती मोजावे लागतात आणि पदरात काय पडते, एवढे तरी यातून कळावे.

टिळक रस्त्यावरून आत वळल्यावर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ही जागा आहे. जिना लाकडी आणि अरुंद असून मधल्या वळणावर दिवा नाही. खोली एकच, पण प्लायवूडच्या आडोशाने तिचे दोन भाग केलेले आहेत. एका भागात पन्नाशीच्या सनदी लेखापाल मॅडम बसतात आणि दुसऱ्या भागात सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना येणारे सगळेच काका म्हणतात. मॅडम कराचे पाहतात, काका कर्जाचे. एकाच माणसाच्या या दोन्ही दुखण्यांकडे शेजारी शेजारी बसून पाहिले जाते, हीच या कार्यालयाची खरी खासियत आहे. माझ्या बाबतीत ती फार उपयोगी पडली.

दूरध्वनीवरून वेळ मागितली तेव्हा काकांनी सहा महिन्यांची बँकेची व कार्डांची विवरणे आणि पतअहवाल, म्हणजे आपल्या नावावरची कर्जे व त्यांची फेड यांची नोंद, आणायला सांगितले. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “आणि जे उघडलेलं नसेल तेही आणा. पाकिटं असतील तर पाकिटं, मेल असतील तर मोबाइल.” मी विचारले, “उघडून आणू का?” त्यावर ते म्हणाले, “नको. तसंच आणा.”

पतअहवाल मागवताना पहिला धडा मिळाला. पतमाहिती कंपनीने प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे आणि देशात अशा चार कंपन्या आहेत. म्हणजे दर वर्षी चार अहवाल फुकट मिळत असताना मी आजवर एकही मागवला नव्हता. आलेल्या अहवालात एका अनोळखी वित्तसंस्थेचे ३८,००० रुपयांचे कर्ज माझ्या नावावर दिसत होते. आपल्या नावावर कोणीतरी परस्पर कर्ज काढले, अशी माझी खात्रीच झाली. काकांनी तारीख विचारली, मी मोबाइलमध्ये मागे जाऊन पाहिले, तर त्या दिवशी एका ॲपवरून मीच ते घेतलेले निघाले. “ॲप म्हणजे नुसती पाटी. गल्ल्यावर दुसराच बसलेला असतो,” असे ते म्हणाले. पैसे देणाऱ्या मूळ संस्थेचे नाव आणि वार्षिक दर आधी दाखवण्याचे बंधन २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक नियमांनी घातलेलेच आहे. ते मलाही दाखवले गेले असणार. मी पान खाली सरकवत जाऊन ‘मान्य’वर बोट ठेवले असणार.

आता माझी परिस्थिती थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी हिंजवडीतील नोकरी सोडली आणि सॉफ्टवेअर चाचणीचा सल्लागार म्हणून स्वतंत्र काम सुरू केले. नोकरीत असताना जूनमध्ये फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, हातात पडे आणि एका संध्याकाळी विवरणपत्र भरून होई. स्वतंत्र कामात पैसे कधी एकदम येतात, कधी दोन-दोन महिने येत नाहीत. सिंहगड रस्त्यावरील घराचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेलाच जातो. मधल्या रिकाम्या महिन्यांसाठी कार्डे वापरली, कार्डांसाठी वैयक्तिक कर्ज घेतले आणि कर्ज मिळाल्यावर कार्डे मोकळी झाली म्हणून ती पुन्हा वापरली. या गडबडीत आर्थिक वर्ष २०२३-२४ चे विवरणपत्र ३१ जुलै २०२४ पर्यंत भरायचे राहिले, नंतर विलंब शुल्कासह भरण्याची मुदतही टळली, आणि प्राप्तिकर विभागाचे मेल येऊ लागले तसा मी ते न उघडता बाजूला सारू लागलो. पुढच्या वर्षी मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली. तीही मी पाहत पाहत घालवली.

पहिल्या बैठकीत काकांनी दोन चिठ्ठ्या पुढे सरकवल्या. घराचे कर्ज सोडून एकूण देणे किती, हे एकीवर आणि कराची थकबाकी किती निघेल, हे दुसरीवर अंदाजाने लिहायला सांगितले. पहिलीवर मी साडेचार लाख लिहिले. दुसरीवर सहा लाख लिहिले, तेव्हा पेन थोडे अडखळले. चिठ्ठ्यांच्या घड्या पेपरवेटखाली गेल्या आणि मग मॅडमनी माझा मोबाइल मागितला.

न उघडलेले अकरा मेल होते. त्यांत मागणीची एकही नोटीस नव्हती. तुमच्या पॅनवर व्यवहार दिसत आहेत पण विवरणपत्र दिसत नाही, अशा आशयाचे नऊ आणि पोर्टलविषयीची सर्वसाधारण सूचना देणारा एक. अकरावा चक्क बनावट होता, आणि त्यात तत्काळ दंड भरण्यासाठी दुवा दिलेला होता. विभागाच्या नोटिसांवर आणि आदेशांवर १ ऑक्टोबर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असावा लागतो आणि तो प्राप्तिकर पोर्टलवर लॉगइन न करताही पडताळता येतो, हे मॅडमनी प्रत्यक्ष करून दाखवले. मला विचाराल तर पहिल्या बैठकीचे पैसे एवढ्यावरच वसूल झाले.

कराचा हिशेब त्यानंतर झाला. २०२३-२४ मध्ये माझी एकूण जमा १८,४०,००० रुपये होती. माझ्या डोक्यातले गणित सरळ होते: याचे ३० टक्के म्हणजे साडेपाच लाख, वर दंड, म्हणजे सहा. मॅडमनी आधी माझी बिले आणि करारपत्रे वाचली, कारण प्राप्तिकराचे कलम ४४एडीए हे कायद्यात सांगितलेल्या ठरावीक व्यवसायांनाच लागू होते आणि माझे काम तांत्रिक सल्ल्यात बसते की नाही, हे कागदावरून ठरवायचे होते. बसते, असे मत झाल्यावर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून धरायची मुभा मिळते. उरलेली निम्मी खर्चापोटी सुटते आणि हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. म्हणजे उत्पन्न ९,२०,०००. त्या वर्षीच्या नव्या करप्रणालीच्या टप्प्यांनुसार कर ४८,००० आणि ४ टक्के उपकर धरून ४९,९२०. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. मी विचारले, “आणि दंड?” त्या म्हणाल्या, “थांबा, अजून संपलं नाही.” मग वार्षिक माहिती विवरण, म्हणजे माझ्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांची विभागाकडची यादी, उघडून त्यांनी टीडीएसचा रकाना दाखवला. मला पैसे देणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक बिलातून १० टक्के कापून सरकारकडे भरले होते, आणि ती रक्कम १,८४,००० होती.

माझे काहीच देणे लागत नव्हते. उलट १,३४,०८० रुपये मलाच परत मिळायला हवे होते. २०२४-२५ मध्ये जमा १६,८०,०००, उत्पन्न ८,४०,०००, कर उपकरासह ३५,३६० आणि कापलेला टीडीएस १,६८,०००. ५,००० रुपये विलंब शुल्क वजा करूनही १,२७,६४० परत मिळणार होते. ज्या मेलना घाबरून मी दीड वर्ष मोबाइल उलटा ठेवत होतो, ते एका अर्थी माझेच २,६१,७२० रुपये घेऊन जा म्हणून सांगत होते. काकांनी दुसरी चिठ्ठी उघडली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली.

यात गोम आहे, आणि ती मॅडमनी लपवली नाही. २०२४-२५ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत विलंबाने भरता येत होते, त्यामुळे तो परतावा शाबूत होता. २०२३-२४ ची मुदत मात्र संपून गेली होती. मुदतीनंतर अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय आहे, पण ती जादा कर भरण्यासाठी आहे. परतावा मागण्यासाठी ती वापरता येत नाही. त्यासाठी कलम ११९ खाली विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष, संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो, मात्र उशिराचे खरे आणि पटण्याजोगे कारण द्यावे लागते आणि मंजूर झाला तरी त्या रकमेवर व्याज मिळत नाही. ‘मेल उघडायला भीती वाटली’ हे कारण कितपत पटण्याजोगे ठरेल, याचे उत्तर मॅडमनी दिले नाही. अर्ज डिसेंबरमध्ये गेला आहे.

खरोखर थकलेले निघाले ते भलतेच. नोकरीत असताना व्यवसाय कराचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये पगारातून परस्पर जात. स्वतंत्र काम करणाऱ्याने स्वतः नोंदणी करून वर्षाला २,५०० भरायचे असतात, हे माझ्या गावीही नव्हते. तीन वर्षांचे ७,५०० आणि वर उशिराचा आकार, एवढीच काय ती माझी कराची थकबाकी. पुढच्या वर्षापासून टीडीएसच कमी कापला जावा म्हणून कमी दराच्या प्रमाणपत्रासाठी आधीच अर्ज करावा, असे मॅडमनी सुचवले आहे. गरजेपेक्षा सव्वा लाख जास्त कापून घ्यायचे आणि तेवढ्यासाठीच कार्डावर उधारी करायची, याला त्यांनी ‘उलटी गंगा’ म्हटले. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलणार आहेत, म्हणून तो अर्ज मार्चच्या बैठकीत नव्या क्रमांकांसह पाहायचा असे ठरले आहे.

पहिली चिठ्ठी काकांच्या बाजूला उघडली गेली आणि तिथे चित्र उलटे होते. दोन कार्डांचे १,८६,००० आणि ९४,०००, वैयक्तिक कर्जाचे ४,२०,००० आणि ॲपचे ३८,००० मिळून ७,३८,०००. माझ्या अंदाजापेक्षा जवळजवळ तीन लाखांनी जास्त. कराची रक्कम मी भीतीपोटी फुगवली होती आणि कर्जाची रक्कम त्याच भीतीपोटी आकसून ठेवली होती.

काकांनी भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेचे एक पान फाडले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या कार्डाचा एकाच महिन्याचा हिशेब मांडला. बाकी १,८६,०००. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज ६,५१०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १,१७१ रुपये ८० पैसे. एकूण ७,६८१ रुपये ८० पैसे. विवरणावर छापलेली किमान देय रक्कम ५ टक्क्यांप्रमाणे ९,३००. “म्हणजे तुम्ही ९,३०० भरलेत, त्यातले मुद्दलात गेले १,६१८ रुपये २० पैसे,” असे म्हणत त्यांनी शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. पैसेसुद्धा त्यांनी मांडले होते. वर त्यांनी हेही सांगितले की, मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुकानात कार्ड लावल्या क्षणापासून व्याज सुरू होते. मी दर महिन्याला किमान रक्कम वेळेवर भरत होतो आणि स्वतःला वक्तशीर समजत होतो. कार्डांच्या व्याजाला वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला आहे, त्यामुळे कायदा येऊन सोडवेल अशीही आशा नाही.

फेडीचा क्रम त्यांनी आधी ॲप, मग मोठे कार्ड, मग लहान कार्ड आणि शेवटी वैयक्तिक कर्ज असा लावून दिला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात १,२७,६४० चा परतावा खात्यात आला, त्यातून ॲपचे ३८,००० फिटले आणि उरलेले ८९,६४० मोठ्या कार्डावर गेले. याशिवाय गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेऊन सगळी महाग कर्जे एकदम मिटवावीत, असाही एक पर्याय त्यांनी मांडला. व्याजाच्या दृष्टीने तो बिनतोड आहे, तरी मला तो पटला नाही. कार्डाचे पैसे बुडवले तर पत जाते. घरावर घेतलेले बुडवले तर घरच जाते. काकांनी आग्रह केला नाही. “घ्यायचाच असेल तर आधी दोन्ही कार्डं बंद केल्याची पत्रं आणून दाखवा,” एवढेच म्हणाले.

या कार्यालयात कोणालाही अपेक्षित नसलेला भाग दुसऱ्या बैठकीत आला. काकांनी माझी सहा महिन्यांची कार्डांची विवरणे माझ्याच हातात दिली आणि घरगुती व कामाच्या नोंदी सोडून बाकीच्या खरेद्या मोठ्याने वाचायला सांगितल्या: तारीख, वेळ, वस्तू, किंमत. वेळ विवरणात नसते, ती खरेदीच्या ॲपमधून काढावी लागली. ते ऐकत होते, लिहीत काहीच नव्हते. मी दर रविवारी सिंहगड चढतो, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन दहाच्या आत खाली उतरतो. अशा माणसाने सहा महिन्यांत कपाळावर बांधायचे तीन दिवे, दोन जोड्या काठ्या, उणे ५ अंशांपर्यंत चालणारी झोपण्याची पिशवी आणि दोन माणसांचा तंबू घेतला होता. तिसरा दिवा वाचताना माझा आवाज आपोआप खाली गेला. तंबू तर ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर होता. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते; माझ्या तंबूवरही प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी गुपचूप लागलेला सापडला.

एकूण ३१ खरेद्या निघाल्या आणि त्यांपैकी १९ रात्री अकरानंतरच्या होत्या. तेवढ्यात आडोशापलीकडून मॅडमनी एक कागद पुढे केला. त्यावर माझ्या त्या अकरा मेलच्या तारखा होत्या. काकांनी तो कागद माझ्या विवरणाशेजारी ठेवला. तंबूची तारीख आणि एका मेलची तारीख एकच होती. झोपण्याच्या पिशवीची तारीख दुसऱ्या मेलची. असे पाच जोड सापडले. मी आजवर स्वतःला चैनी समजत होतो, निघालो घाबरट. हे निदान बरोबर की चूक, हे मला सांगता येणार नाही, कारण खरेदी नसलेल्या रात्रीही मेल आलेले होते. पण त्या दोन कागदांकडे पाहताना मला दुसरे काही सुचेना.

उपाय मात्र अगदी व्यवहारी दिले गेले. कार्डावरील ऑनलाइन, स्पर्शविरहित आणि परदेशी व्यवहार आपल्या हाताने चालू-बंद करण्याची सोय देणे रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बंधनकारक केले आहे. दोन्ही कार्डांचे ऑनलाइन व्यवहार तिथेच, त्यांच्यासमोर बंद करून घेतले गेले. खरेदीच्या ॲपांमध्ये साठवलेली कार्डांची टोकने, म्हणजे कार्डाच्या क्रमांकाऐवजी ठेवलेले सांकेतिक क्रमांक, पुसली. यूपीआय एका वेगळ्या खात्याला जोडले, ज्यात आठवड्याला ठरावीक रक्कमच जाते. एवढे झाल्यावर काका म्हणाले, “घ्यायचं ते लक्ष्मी रस्त्यावर जाऊन घ्या. गाडी लावायला जागा मिळाली तर समजा, ती वस्तू तुमच्या नशिबात होती.” तेव्हापासून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मंडईपर्यंत चक्कर मारून परत आलो.

दुसऱ्या बैठकीला पत्नीने यायलाच हवे, अशीही त्यांची अट होती, आणि ती पाळताना मला सर्वांत जास्त जड गेले. तिला कार्डांचे थोडेसे माहीत होते, ॲपचे मुळीच नाही. तिने दिनदर्शिकेचे ते पान, चिठ्ठ्या आणि खरेद्यांची यादी सावकाश वाचली. मग चष्मा काढून विचारले, “तंबू कुठं आहे?” मी म्हणालो, “माळ्यावर.” तिने पुन्हा चष्मा लावला आणि पुढचे पान वाचायला घेतले. घरी आल्यावर बरेच बोलणे झाले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आता तक्रारी. शुल्काची पद्धत स्वच्छ आहे, पण पुरेशी आधी सांगितली जात नाही. बैठकीचे १,२०० रुपये आणि विवरणपत्राचे ३,५०० हे फोनवरच कळले. विलंब माफीच्या अर्जाचे ६,००० मात्र तिसऱ्या बैठकीत, काम निम्मे झाल्यावर कळले. कर्जबाजारी माणसाला तरी असा धक्का देऊ नये. दुसरी गोष्ट आडोशाची. मी पैसे मोजून माझी लाज दाखवायला जातो आणि शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाला ती जशीच्या तशी ऐकू जाते. मीही एका आजींची हकिकत अशीच नकळत ऐकली, पुतण्याच्या कर्जाला त्या जामीन राहिल्या होत्या आणि काका त्यांना हळू आवाजात सांगत होते, “आजी, जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. त्याचं देणं ते तुमचं देणं.” मॅडमच्या बाजूला कोणीतरी मिळकत करातील ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्जाविषयी विचारत होते. हे सगळे कानावर पडू नये, अशी व्यवस्था अवघड नाही. तिसरे म्हणजे लेखी आराखडा देत नाहीत. दिनदर्शिकेचे पान घरी नेऊ देतात, एवढेच. दुपारी एक ते चार बंद असते, त्यावरचे विनोद पुणेकरांनी करून झालेले आहेत. मी फक्त नोंद करतो. ऑनलाइन बैठक ते घेत नाहीत, आणि माझ्यापुरते बोलायचे तर ते बरेच झाले, कारण ऑनलाइन असतो तर ते अकरा मेल मी कॅमेऱ्याबाहेरच ठेवले असते.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. हे दोघे हिशेबाचे तज्ज्ञ आहेत, मनाचे नाहीत, आणि तसा आवही आणत नाहीत. देण्याच्या ओझ्याखाली कोणाला झोप उडणे, जिवाचे बरेवाईट करून घ्यावेसे वाटणे, इथपर्यंत आले असेल तर त्याने आधी १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर बोलावे. तिथे चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येते. काकांच्या टेबलावरच्या काचेखाली हाच क्रमांक लिहून ठेवलेला आहे.

या कार्यालयाची किंमत मला कळली, ती आधी भेटलेल्या दुसऱ्या एका कंपनीमुळे. कर्जमुक्ती करून देतो, असे सांगणाऱ्या त्या कंपनीने नोंदणीचे १५,००० रुपये आगाऊ मागितले होते आणि सगळे हप्ते ताबडतोब थांबवा, बँकांशी आम्ही बोलून निम्म्यात तडजोड करू, असा सल्ला दिला होता. मी जवळजवळ पैसे भरलेच होते. तडजोड केलेल्या कर्जापुढे पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि तो पुढे कर्ज मागताना आडवा येतो, हे त्यांनी सांगितले नाही. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा निर्देश आहे, आणि बँकेने ३० दिवसांत तक्रारीचे निवारण केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते, हेही सांगितले नाही. काकांनी या तिन्ही गोष्टी पहिल्या अर्ध्या तासातच सांगितल्या. बँकांकडून आपल्याला दलाली मिळत नाही आणि मिळाली तरी घेणार नाही, हे त्यांनी मी न विचारता स्पष्ट केले. ज्याला सल्ला विकत घ्यायचा आहे त्याने हा एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा, असे मी म्हणेन.

तेव्हा शुल्काचे उशिरा सांगणे आणि प्लायवूडचा आडोसा यांचे गुण कापून मी पाचपैकी चार देतो. तीन बैठका, दोन वर्षांचे काम आणि तो अर्ज मिळून मी आजवर १६,६०० रुपये मोजले. परतावा आला नसता तरी मी ते मोजले असते का, या प्रश्नाचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही. पत्नीच्या मते नक्कीच मोजले असते, आणि तेही कार्डावर. विलंब माफीच्या अर्जाचा निकाल अजून आलेला नाही. पुढची बैठक मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, तेव्हा दोन्ही कार्डांची विवरणे पुन्हा मोठ्याने वाचायची आहेत. तीनपैकी दोन दिवे सोसायटीतल्या मुलांनी घेतले, काठ्यांची एक जोडी सासऱ्यांनी फिरायला जाण्यासाठी ठेवून घेतली. तंबूला मात्र अजून गिऱ्हाईक मिळालेले नाही. दोन माणसांचा आहे, आणि खोकेसुद्धा उघडलेले नाही.